आधी दार, मग माणूस : डूला शोधतानाचे चार महिने

माझ्या मामेबहिणीचे पहिले बाळंतपण पुण्यातल्याच एका खासगी रुग्णालयात झाले. पहिल्या कळेपासून सुटकेपर्यंत अकरा तास लागले आणि त्यांतले जवळजवळ दहा तास ती लेबर रूममध्ये एकटी होती. माणसे येत नव्हती असे नव्हे. सिस्टर तासाभराने येऊन बाळाचे ठोके ऐकून जात, मावशी चादर बदलून जात, डॉक्टर दोनदा येऊन आतून तपासून गेल्या. पण थांबले कोणीच नाही. तिचा नवरा आणि माझी मामी दाराबाहेरच्या बाकावर बसून होते आणि आत काय चालले आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते. "दुखायचं ते दुखणारच गं, पण समोरच्या भिंतीवरचं ते घड्याळ तेवढं काढायला हवं होतं," असे ती नंतर म्हणाली होती. 2024 च्या जानेवारीत मला दिवस गेल्याचे कळले, तेव्हापासून ते घड्याळ माझ्या डोक्यातून जाईना.

डूला हा शब्द मी आधी ऐकला होता, पण ती म्हणजे शहरातली महागडी सुईण असा माझा समज होता. तो चुकीचा होता. सुईण बाळंतपण करते. डूला बाळंतपणाला हात लावत नाही. ती आतून तपासत नाही, रक्तदाब मोजत नाही, ठोके ऐकत नाही, औषध देत नाही. ती बाळंतिणीजवळ थांबते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी किंवा सेविका असा आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी 1970 च्या दशकात तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी वापरला आणि तोच रूढ झाला. 1980 साली जॉन केनेल, मार्शल क्लाऊस हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे ज्या स्त्रियांजवळ एक अनोळखी पण आपुलकीने वागणारी बाई शेवटपर्यंत थांबली, त्यांच्या कळांचा काळ बराच कमी भरला. ते वाचताना मला त्या बाईचे अनोळखी असणे विशेष वाटले. सोबत म्हटली की आपल्याला आई, आत्या, जाऊ अशीच माणसे आठवतात.

पुढे 2017 चा कॉक्रेन आढावाही, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, वाचला. 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती त्यात एकत्र केलेली आहे. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसले आणि कळांचा काळ सरासरी चाळीसएक मिनिटांनी कमी झाला. पुराव्याची प्रत मात्र फार वरची नाही, हेही त्या अभ्यासकांनी स्वतःच नोंदवले आहे. माझा नवरा हिशेबी माणूस आहे. "चाळीस मिनिटांसाठी तीस हजार?" असे त्याने विचारले. दुसऱ्या बाजूला 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडाही त्यानेच शोधून काढला : देशातल्या खासगी रुग्णालयांत झालेल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझेरियनने झाली होती आणि सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. त्यानंतर तो पैशांबद्दल बोलला नाही. आई मात्र बोलली. आमच्या सांगलीच्या घरात पहिले बाळंतपण माहेरीच होते आणि सोबतीला पैसे मोजायचे ही कल्पनाच तिला अपमानाची वाटली. "मी मेले आहे का?" असे तिने फोनवर विचारले. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, खुर्चीवरून उठायला तिला हाताचा आधार लागतो, हे तिला कसे सांगायचे ते मला सुचले नाही, म्हणून मी विषय बदलला.

शोध विसाव्या आठवड्यानंतर सुरू केला. आपल्याकडे परिचारिकांची नोंद परिचर्या परिषदेत होते. डूलांची तशी नोंद ठेवणारी कोणतीही सरकारी परिषद नाही. प्रशिक्षण खासगी संस्था देतात, प्रमाणपत्रही त्याच देतात. त्यामुळे हे प्रमाणपत्र खरे की नुसते गुळगुळीत कागद, हे ठरवण्याचे काम आपल्यावरच येते. मी ज्या प्रसूतिपूर्व वर्गाला जात होते तिथल्या फिजिओथेरपिस्टने दोन नावे दिली आणि तिसरे नाव एका मैत्रिणीच्या शेजारणीकडून मिळाले.

पहिल्या बाईंनी चहा येण्याआधीच डॉक्टरांना शिव्या घालायला सुरुवात केली. सगळे डॉक्टर कापायलाच बसलेले असतात, सलाइनमधून कळा देणे म्हणजे पाप, एपिड्युरल, म्हणजे कळांचे दुखणे कमी करायला पाठीतून दिलेली भूल, घेणारी बाई हरलेली, असे त्यांचे ठाम मत होते. मला रक्तदाबाचा थोडा त्रास होता आणि माझ्या डॉक्टरांवर माझा विश्वास होता. कळा देत असताना या दोघींच्या भांडणात मध्ये पडावे लागेल, हे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मी चहा संपवून उठले.

दुसऱ्या ताई पिंपरीच्या बाजूला राहणाऱ्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्या मला फार आवडल्या आणि इथेच मी चूक केली. आवडल्या म्हणून लगेच 12 हजार रुपये आगाऊ देऊन टाकले आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, सहज म्हणून, रुग्णालयात विचारायला गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"आमच्याकडे बाहेरची नर्स चालत नाही."

"त्या नर्स नाहीत."

"मग तर मुळीच चालणार नाही."

मी तयारीने गेले होते. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये केलेली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2016 च्या सूचनाही माझ्याजवळ छापून घेतलेल्या होत्या. त्यांत सोबतीण कशी असावी ते नेटके लिहिले आहे : शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये. व्यवस्थापकांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि हे सरकारी दवाखान्यांसाठी आहे असे सांगितले. ते खरेच होते. त्यांच्या नियमाप्रमाणे लेबर रूममध्ये एकच नातेवाईक, तोही बाई असेल तरच आणि तोही शेवटच्या टप्प्यापर्यंत नाही. म्हणजे मामेबहिणीचे तेच बाक आणि तेच घड्याळ.

दुसऱ्या ताईंनी निम्मे पैसे परत केले. करारच झाला नव्हता, तेव्हा तेवढे तरी मिळाले यात मी समाधान मानले. 6 हजार रुपयांना मी जे शिकले ते कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते. डूला आधी शोधायची नसते. आधी जिथे बाळंतपण करायचे तिथले दार तिच्यासाठी उघडते का ते पाहायचे असते. चार ठिकाणी मी नुसती हा एक प्रश्न विचारायला गेले. एका ठिकाणी "तोंडी हो, पण लेखी देणार नाही" असे उत्तर मिळाले. तोंडी होकार रात्रपाळीच्या सिस्टरपर्यंत पोचत नाही, हे तोवर कळले होते. एकतिसाव्या आठवड्यात, म्हणजे लोक बाळाची दुपटी शिवायला टाकतात त्या सुमाराला, मी रुग्णालय आणि डॉक्टर दोन्ही बदलले. सासूबाईंना हे वेड वाटले. त्या तसे म्हणाल्याही, पण नव्या मॅडमना भेटायला माझ्याबरोबर आल्या.

नव्या डॉक्टर मॅडमनी अटी स्पष्ट सांगितल्या. डूलाच्या ओळखपत्राची प्रत आधी द्यायची. एका नातेवाइकाशिवाय ती दुसरी व्यक्ती म्हणून आत राहील. फोटो काढायचे नाहीत. ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायची वेळ आली तर ती बाहेर थांबेल. आणि उपचारांबद्दल ती माझ्याशी काय बोलायचे ते बोलेल, सिस्टरशी वाद घालणार नाही. हे सगळे त्यांनी माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले आणि खाली सही केली. त्या लाल शाईचा उपयोग पुढे झाला.

एव्हाना दुसऱ्या ताईंनी त्याच तारखांना दुसऱ्या कोणाला होकार दिला होता. मग तिसरे नाव उरले. या ताई कर्वेनगरला राहत, वय पन्नाशीकडे झुकलेले, स्वतःची दोन बाळंतपणे झालेली, त्यांतले एक सिझेरियन. आतापर्यंत माझी प्रश्नांची यादी मोठी झाली होती, पण खरे उत्तर एकाच प्रश्नाला मिळाले. मी विचारले, "तुम्ही कुणाच्या बाळंतपणाला वेळेवर पोचू शकला नाहीत, असं झालंय का?" पहिल्या बाईंनी या प्रश्नावर "छे" म्हटले होते. या ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "दोनदा. एकदा विसर्जनाच्या रात्री. मध्यवर्ती पेठांतले रस्ते बंद, मी टिळक चौकापलीकडे अडकले. पोचले तेव्हा बाळ बाहेर आलेलं होतं. तेव्हापासून मी एक जोडीदारीण ठेवली आहे." मग त्यांनीच माझी तारीख विचारली. 20 सप्टेंबर. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले, 17 तारखेच्या अनंत चतुर्दशीवर बोट ठेवले आणि माझ्या घरापासून रुग्णालयापर्यंत नदीच्या कोणत्या पुलावरून जायचे ते मला आणि नवऱ्याला दोनदा म्हणायला लावले. प्रमाणपत्र मी त्यानंतर पाहिले.

करार दोन पानांचा आणि मराठीत होता. एकूण 32 हजार रुपये, त्यांपैकी 10 हजार आगाऊ. बाळंतपणाआधी दोन भेटी आणि नंतर एक. अडतिसाव्या आठवड्यापासून दिवसरात्र फोनवर उपलब्ध. सोळा तासांहून जास्त वेळ लागला तर जोडीदारीण येऊन त्यांना सोडवणार. सिझेरियन आधीच ठरले तर निम्मे पैसे. आणि काय करणार नाही त्याची मोठी यादी : तपासणी नाही, औषधाचा सल्ला नाही, माझ्या वतीने होकार किंवा नकार नाही. रुग्णालयाने आत घेतले नाही तर आगाऊ रक्कम परत, हे कलम त्यात नव्हते. मी मागितले. त्यांनी न कुरकुरता समासात हाताने लिहून दिले. विमा कंपनीने ही रक्कम अर्थातच मान्य केली नाही.

दोन भेटींपैकी पहिलीला आई सांगलीहून आली होती आणि पहिला अर्धा तास हाताची घडी घालून बसली होती. ताईंनी तिला सोडून आम्हा दोघांशी बोलणे सुरू केले. कळ आली की नवऱ्याने माझ्या मागे उभे राहून दोन्ही तळहातांनी कमरेची हाडे आतल्या बाजूला दाबून धरायची, कळ संपेपर्यंत सोडायची नाहीत, आणि दाबताना "आता बरं वाटतंय का?" असे विचारायचे नाही, कारण कळ देणाऱ्या बाईला उत्तर देता येत नाही. नवऱ्याचा जोर कमी पडत होता. ताई म्हणाल्या, "कणीक तिंबता ना? तसं." तो कणीक तिंबत नाही. ते आईला ठाऊक होते, म्हणून ती उठली, खुर्चीचा हात धरून उठली, आणि तिने दाबून दाखवले. त्यानंतर ती बसली नाही. माझ्या वेळी सुईणीने ओल्या लुगड्याचा पीळ कमरेला बांधला होता, असे ती आपणहून सांगू लागली. ताईंनी ते वहीत लिहून घेतले. आईला बरे वाटावे म्हणून की खरोखर, ते मला कळले नाही.

कळा सुरू झाल्या त्या 12 सप्टेंबरच्या रात्री. घरच्या गौरी दुपारीच बोळवल्या होत्या. दहाच्या सुमाराला पोट आवळू लागले आणि अकरा वाजता मी ताईंना फोन केला. त्यांनी मला बोलते ठेवले. मी बोलता बोलता थांबत होते का, ते त्या ऐकत होत्या. "अजून बोलताय तुम्ही, झोपा," असे सांगून त्यांनी फोन ठेवला. दोन वाजता मला बोलता येईना. तेव्हा नवऱ्याने फोन केला आणि आम्ही रुग्णालयात पोचलो त्याच्या वीस मिनिटांनंतर त्या आल्या. दारावरच्या सिस्टरने त्यांना अडवले. एकच नातेवाईक. नवऱ्याने फाइलचे पहिले पान उघडले, सिस्टरने लाल शाई वाचली आणि बाजूला झाली.

ताईंच्या घरीही गौरी होत्या आणि त्या दिवशीचा गजरा अजून केसांत होता. तो वास नाकात गेला आणि मला भडभडून ओकारी झाली. त्यांनी गजरा काढला, बाहेर नवऱ्याच्या पिशवीत टाकला, केसांना पाणी लावून परत आल्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री त्या एकूणच कमी बोलल्या. भिंतीवर इथेही घड्याळ होते. पलंग ढकलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी उशा उलट्या बाजूला ठेवून मला दाराकडे तोंड करून बसवले.

पहाटे सहापर्यंत गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडले होते, आठ वाजताही पाचच. निवासी डॉक्टर आल्या आणि सलाइनमधून कळांचे औषध सुरू करू म्हणाल्या. मी ताईंकडे पाहिले. त्यांनी नको म्हणावे अशी माझी इच्छा होती, हे कबूल करते. त्या नको म्हणाल्या नाहीत, होही म्हणाल्या नाहीत. "तुम्हाला डॉक्टरांना काही विचारायचं आहे का?" एवढेच त्यांनी मला विचारले. मग मला आठवले की भेटीत आम्ही तीन प्रश्न पाठ केले होते : आत्ताच का, नाही घेतले तर काय होईल, थोडे थांबता येईल का. मी पहिला विचारला, तिसरा विचारला, दुसरा विसरले. डॉक्टरांनी ठोक्यांचा कागद दाखवला, बाळ ठीक आहे म्हणाल्या आणि एक तास दिला. त्या तासात ताईंनी मला खोलीत चालवले, कळ आली की मी नवऱ्याच्या गळ्यात लोंबकळत होते आणि त्या मागून कंबर दाबत होत्या. त्यांच्या हातांचा जोर पाच-सहा तासांनंतरही कमी झाला नव्हता. तासाभराने पुन्हा तपासणी झाली : साडेपाच. मग औषध सुरू झाले.

त्या औषधाच्या कळा वेगळ्या असतात. त्यांना चढ नसतो, त्या एकदम माथ्यावरच येतात. अकराच्या सुमाराला मी एपिड्युरल मागितले. डूला ठेवूनही ते मागावे लागले याची मला लाज वाटली आणि मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी करताय का हे?" आणि भूलतज्ज्ञ येईपर्यंत माझे कपाळ स्वतःच्या खांद्यावर टेकवून धरले. त्यानंतर मी दोन तास झोपले. त्या झोपल्या नाहीत. दर अर्ध्या तासाने सिस्टरच्या मदतीने मला कूस बदलायला लावून पायांत उशी देत राहिल्या. दुपारी 3 वाजून 50 मिनिटांनी मुलगा झाला. टाके पडले. आईने "गौरी" हे नाव आधीच ठरवून ठेवले होते, त्याचे पुढे काय करायचे ते तिला दोन दिवस कळले नाही.

त्या गेल्या साडेपाचला, बाळाने पहिल्यांदा दूध ओढल्यावर. उरलेले 22 हजार नवऱ्याने त्याच रात्री पाठवले.

करारातली शेवटची भेट नवव्या दिवशी झाली. अळीवाची खीर त्यांनी नको म्हटली, गोड चालत नाही म्हणाल्या. आईने मग त्यांची ओटी भरली. जाताना त्यांनी हाताने लिहिलेले दोन कागद माझ्या हातात दिले. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर माझ्या त्या सतरा-अठरा तासांबद्दल दीड ओळ आहे. या कागदांवर वेळा होत्या : किती वाजता पाणी प्यायले, कधी ओकले, डॉक्टर कधी आल्या, मी काय विचारले, त्या काय म्हणाल्या. दुसरा प्रश्न विसरले होते त्याचीही नोंद होती. पहाटेच्या बऱ्याच गोष्टी मला आठवत नाहीत. त्यांतली एक तिथे वाचली. "4.10 : 'तुम्ही घरी जा' म्हणाल्या. गेले नाही. 4.15 : 'कुठे गेलात?' म्हणाल्या. इथेच आहे म्हटलं."